शिमगा ते आगोट

गेल्या आठवड्यात महाडच्या हवेनं सात दिवसांत सात सोंगं काढली. सोमवारी पहाटे सावित्रीवर एवढं धुकं की पलीकडचा काठ दिसेना, आणि दुपारी एवढं ऊन की बाजारपेठेतली कुत्रीसुद्धा दुकानांच्या फळ्यांखाली शिरली. मंगळवार-बुधवार पूर्वेकडून, म्हणजे डोंगरावरून, कोरड्या झळा. पारा चाळिशीच्या घरात, ओठ फुटायची वेळ. गुरुवारी वारा एकदम फिरला आणि खाडीकडून यायला लागला. ऊन उतरलं, पण अंगाला चिकटणारा उकाडा आणि डोक्यावर मळभ. शुक्रवारी संध्याकाळी पोलादपुरात विजांसकट वळीव कोसळला. त्याच वेळी जेमतेम वीस किलोमीटरवर महाडात एक थेंब नाही, नुसती धूळ आणि लांबून आलेला मातीचा वास. शनिवारी आभाळ दिवसभर फुगून बसलं आणि काही न करता निघून गेलं. रविवारी पुन्हा निळंशार, पोलादपूरच्या मागचे डोंगर धुऊन ठेवल्यासारखे.

चैत्रातला आठवडा हा असा. चहाच्या टपरीवर सगळे म्हणत होते की हवेचं काही खरं राहिलं नाही. मला हे वाक्य लहानपणापासून ऐकल्याचं आठवतं, त्यामुळे त्यावर लगेच मान डोलवायची माझी तयारी नसते. महाडची जागाच अशी आहे की वसंतात इथली हवा स्थिर राहणं कठीण. पाठीशी सह्याद्रीची उभी भिंत. समुद्र आहे, पण तो बाणकोटला, खाडीच्या तोंडाशी. मधे डोंगरांच्या रांगा. फाल्गुन-चैत्रात रोज दोन वाऱ्यांची ओढाताण चालते. सकाळी डोंगरावरून देशाकडचा कोरडा वारा उतरतो, दुपारी समुद्रावरून खारा वारा निघतो. खारा वारा वेळेवर पोचला तर दुपार सुसह्य. त्याला उशीर झाला किंवा तो आलाच नाही, तर या खोलगट मुलखातली हवा तव्यासारखी तापते. आमच्या उत्तरेला माणगाव तालुक्यात भिरा आहे. तिथे २८ मार्च २०१७ रोजी ४६.५ अंशांची नोंद झाली आणि देशभर बातम्या झाल्या. त्या आकड्यावर शंकाही घेतल्या गेल्या. पण या पट्ट्यात मार्चअखेरीला एस.टी.च्या खिडकीपाशी बसलेल्या माणसाला तो आकडा अगदीच अविश्वसनीय वाटला नसेल. आणि हाच खारा वारा दमट होऊन घाट चढायला लागला की आंबेनळी आणि प्रतापगडाच्या डोक्यावर ढगांचे मनोरे उभे राहतात. ते फुटले की भिजतं ते पोलादपूर. महाड बघत बसतं.

हे सगळं झालं शास्त्र. मला लिहायचंय ते वेगळ्याच गोष्टीबद्दल.

महाडचं हवामान म्हटलं की बाहेरच्या माणसाला पाऊसच आठवतो, आणि त्यात त्याची चूक नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, सावित्री आणि गांधारीचं पाणी बाजारपेठेत. २००५ चा जुलै, २०१६ चा ऑगस्ट, २०२१ चा जुलै या तारखा इथल्या प्रत्येकाला पाठ आहेत. पण जरा मागे जाऊन बघितलं तर असं दिसतं की या दरीत माणसांनी जे जे काही *केलं*, ते बहुतेक सगळं कोरड्या दिवसांत केलं. पावसाळ्यात इथे गोष्टी *घडतात*; करायच्या त्या शिमगा ते आगोट.

आगोट हा शब्द आता शहरात फारसा कुणी वापरत नाही. आगोट म्हणजे पावसाळ्याचं तोंड, मृगाच्या आधीचे दिवस. आगोटीची बेगमी म्हणजे पुढचे चार महिने घर बंद करून बसायची तयारी. लाकूडफाटा, गोवऱ्या, मीठ, मिरच्या, कांदे, कडधान्य, सुकी मासळी. घराची शाकारणी, कौलं उतरवून पुन्हा लावणं, पडवीला झड लागू नये म्हणून झापं बांधणं. माझ्या आजीच्या तोंडी हा शब्द इतका असायचा की मला लहानपणी आगोट हे बाईचं नाव वाटायचं. कुणीतरी येणार आहे आणि तिच्यासाठी घर आवरायचं आहे.

आता ही आगोट इतिहासात शोधायला लागा, जागोजाग सापडते.

मुंबईहून महाडला शिरताना हमरस्त्यावरूनच गांधारपाल्याची लेणी दिसतात. इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांतली, सुमारे तीस. तिथल्या ब्राह्मी लेखात कानभोज विष्णुपालित या कुमाराचं नाव आहे. बहुतेक जण वर जाऊन चैत्य बघतात, फोटो काढतात आणि उतरतात. तुम्ही कधी गेलात तर लेण्यांच्या तोंडाशी खोदलेल्या पाण्याच्या टाक्या जरूर बघा. त्यांना पोढी म्हणतात. भिक्खू पावसाळाभर एका जागी राहात, त्याला वर्षावास म्हणत. पण पावसाळ्यात पाणी साठवायची गरज कुणाला? टाकी खोदली ती चैत्र-वैशाखासाठी. ज्या मुलखात तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तिथे दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसालाही ठाऊक होतं की हे पाणी शिमग्यानंतर दिसणार नाही. आज पोलादपूर तालुक्यातल्या वरच्या वाड्यांना एप्रिल-मे महिन्यांत टँकरनं पाणी पुरवावं लागतं. आषाढात ज्या वाडीवर दरड कोसळायची भीती, तीच वाडी चैत्रात हंडे घेऊन रांगेत.

शिवाजी महाराजांचं मे १६७३ मधलं एक पत्र प्रसिद्ध आहे, चिपळूणजवळच्या छावणीतल्या जुमलेदारांना लिहिलेलं. शाळेत आपल्याला त्यातलं रयतेला त्रास देऊ नका एवढंच शिकवतात. पूर्ण वाचलं तर ते पत्र सबंध आगोटीबद्दल आहे. घोड्यांसाठी गोळा केलेला दाणा आणि वैरण आत्ताच उधळलीत तर पावसाळ्यात काय घालाल, घोडी उपाशी मरतील, मग तुम्ही कुणब्यांच्या घरात शिराल. आणि मग लोकांना मोगल बरे वाटतील. आणि दुसरी काळजी आगीची. कुणी चुली पेटवेल, कुणी चिलमीचा विस्तव टाकेल, उंदीर दिव्याची जळती वात पळवून नेईल आणि वाळल्या गवताच्या गंजी भस्म होतील. उंदरापर्यंत विचार करणारा हा राजा मला राज्याभिषेकाच्या चित्रातल्या राजापेक्षा जवळचा वाटतो. वैशाखातल्या कोकणात कोरडं गवत आणि पूर्वेचा वारा म्हणजे काय, हे कळल्याशिवाय असं पत्र लिहिता येत नाही.

राज्याभिषेकाची गोष्ट तर फारच मजेची आहे. तारीख ६ जून १६७४, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी. आपण म्हणतो, मृगाच्या जस्ट आधी, बरं जमवलं. पण ही तारीख जुन्या इंग्रजी पंचांगाची, ज्युलियन. आजच्या कॅलेंडरवर आणायची तर दहा दिवस मिळवावे लागतात. म्हणजे तो दिवस आजच्या हिशेबानं १६ जून! आगोट उलटून गेलेली. इतिहासातल्या तारखा हवामानासाठी वाचताना हे दहा दिवस विसरले की सगळाच अंदाज चुकतो, आणि कोकणात दहा दिवस म्हणजे कोरडी वाट आणि निसरडी वाट यांच्यातलं अंतर.

त्या सोहळ्यासाठी आलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेन मे महिन्यातच मुंबईहून निघाला होता. चौलला उतरून अष्टमी, निजामपूर करत तो पाचाडला पोचला, तर महाराज गडावर नव्हते; भवानीच्या दर्शनाला प्रतापगडावर गेले होते. ऑक्झिंडेनला पायथ्याशी थांबून राहावं लागलं. रायगड ते प्रतापगड म्हणजे आजच्या महाड-पोलादपूरचाच मुलूख. राज्याभिषेकाची एवढी घाई असताना राजा हा प्रवास करतो, कारण या दरीत नदी-नाले उतरून जायचे तर हेच दिवस. ऑक्झिंडेन जूनच्या मध्यावर मुंबईला परतला.

आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत, १७ जूनला (म्हणजे आजच्या २७ जूनला) पाचाडच्या वाड्यात जिजाऊ गेल्या. त्या पाचाडला का राहात? गडावरची गार, वाऱ्याची हवा त्यांना सोसत नसे म्हणून महाराजांनी पायथ्याशी वाडा बांधला, असं परंपरेनं सांगतात. मला हे खरं वाटतं. पाचाडहून गडावर जाताना अर्ध्या वाटेत हवा बदललेली आपल्यालाही कळते. मराठ्यांच्या इतिहासातली सगळ्यात मोठी आई हवेमुळे मुलाच्या राजधानीत राहू शकली नाही, हे मला नेहमी चुटपुट लावतं.

पुढच्या पंधरा वर्षांत रायगडाचे दिवस फिरले. महाराज गेले ते चैत्री पौर्णिमेला, ३ एप्रिल १६८०. संभाजीराजांची हत्या झाली ११ मार्च १६८९ ला, आणि दोन आठवड्यांत मोगल फौज रायगडाखाली. सरदार झुल्फिकारखान. त्याचा हिशेब उघड होता: घाट उतरायला आणि वेढा आवळायला पुढे दोन-अडीच महिने कोरडे. राजाराम महाराज ५ एप्रिलला गड उतरून प्रतापगडाकडे निसटले, तेही त्याच कोरड्या वाटांनी. येसूबाई आणि बाल शाहू मागे राहिले. एरवी कोकणातल्या वेढ्यांना मृग उठवतो. हा वेढा उठला नाही. पावसाळा सरल्यावर गड पडला.

पावसाळ्याचा उलटा उपयोग करणाराही एक इसम इथे होऊन गेला, आणि तो अर्थातच नाना फडणवीस. १७९६ साली पुण्यात हवा विरोधात गेल्यावर नाना वाईमार्गे महाडला येऊन बसले. पाठीशी रायगड, समोर खाडी, डोक्यावर आषाढ. घाट बंद, फौज उतरायची सोय नाही. पत्र नेणारा जासूद मात्र कसाही पोचतो. नानांनी चार महिने इथून नुसती पत्रं लिहिली आणि दौलतराव शिंदे, निजाम, होळकर सगळ्यांना फिरवलं. इतिहासात याला महाडचं कारस्थान म्हणतात. ऑक्टोबरमध्ये निजामाशी महाडचा तह झाला आणि वाटा सुकल्यावर नाना पुण्याला परतले. आगोटीची बेगमी म्हणतात ती ही!

१८१८ मध्ये इंग्रजांनी घोळ घातला नाही. कर्नल प्रॉथरची फौज एप्रिलच्या अखेरीस रायगडाखाली आली. गडावर दुसऱ्या बाजीरावाची पत्नी वाराणसीबाई होती, किल्लेदार अरब. तोफांचा मारा सुरू झाला आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात गड पडला. मधे एका गोळ्यानं आग लागली आणि ती राजवाड्यापर्यंत गेली. आज आपण रायगडावर जी जोती बघतो, ज्यांच्यावर एकही लाकूड नाही, त्याला ती आग मोठ्या प्रमाणात कारण आहे. वैशाखातलं वाळलेलं सागवान, वरचा वारा. १६७३ च्या पत्रात उंदराच्या तोंडातल्या वातीची काळजी करणाऱ्या माणसाचं घर असं जळलं. तोच महिना.

राजकारण बाजूला ठेवलं तरी महाडचं पोट याच दिवसांवर चालायचं. सावित्रीची खाडी दासगावपर्यंत गलबतांना सोयीची, आणि भरती साधली तर पडाव महाडच्या बंदरापर्यंत येत. १७५६ च्या तहात इंग्रजांनी पेशव्यांकडून बाणकोट आणि आसपासची गावं मिळवली, त्यात दासगावही होतं; त्यांना या खाडीची किंमत कळली होती. देशावरून बैलांच्या पाठीवर धान्य, गूळ, कांदे उतरत. खालून मीठ, नारळ, सुकी मासळी घाट चढे. पुढे आंबेनळीचा गाडीरस्ता झाला तेव्हा पोलादपूर या वाटेवरचा मुक्काम बनला. पण जून लागला की समुद्र बंद, गलबतं किनाऱ्यावर ओढलेली, नारळी पौर्णिमेपर्यंत सगळं ठप्प. त्यामुळे चैत्र-वैशाखात बाजारपेठेत पाय ठेवायला जागा नसायची, असं जुने लोक सांगत. पावसाळ्याचं मीठ कोणाच्या घरात किती, यावर माणसाची ऐपत ठरायची.

आणि मग १९२७. महाडचं नाव जगाला ज्या दिवसामुळे माहीत आहे तो दिवस २० मार्च. हाही शिमग्यानंतरचाच. पंचांग काढून बघितलं तर त्या वर्षी फाल्गुनी पौर्णिमा १८ मार्चला होती. १९ आणि २० मार्चला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेचं अधिवेशन भरलं. मुंबईच्या गिरण्यांतले, गोदीतले लोक शिमग्याला गावी येतात, शेतीचं काम नसतं, वाटा कोरड्या असतात, ओढे पायी ओलांडता येतात. रामचंद्र बाबाजी मोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव फिरून माणसं जमवली. कोकणातल्या खेड्यांतून हजारोंनी लोक चालत आले, कित्येकांच्या पाठीला भाकरीची शिदोरी.

आपण या सत्याग्रहाबद्दल हक्क, समता, स्वाभिमान या भाषेत बोलतो आणि ते बरोबरच आहे. पण मला त्यातलं ऊन विसरता येत नाही. मार्चचा तिसरा आठवडा, मी वर ज्या झळांबद्दल लिहिलं त्याच झळा, हजारो माणसं एका मांडवाखाली, आणि प्यायला पाणी नाही. म्हणजे पाणी होतं. गावाच्या मधोमध चवदार तळं होतं. मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोल्यांचा ठराव १९२३ मध्ये झाला होता, महाड नगरपालिकेनं तळं सर्वांना खुलं असल्याचं १९२४ मध्ये ठरवलंही होतं. तरीही परिषदेसाठी चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं. आंबेडकरांच्या चरित्रात ही नोंद आहे आणि मला ती सगळ्या भाषणांपेक्षा जास्त बोलकी वाटते. १९२७ चे चाळीस रुपये! २० तारखेला बाबासाहेब तळ्याकडे निघाले, लोक शिस्तीत मागे, आणि त्यांनी ओंजळीनं पाणी घेतलं. आषाढात हाच प्रसंग घडला असता का? तेव्हा प्रत्येकाच्या दारात पाणी वाहात असतं, आणि पाणी नाकारणं म्हणजे काय ते कुणाला इतकं कळलं नसतं. तहान हा चैत्राचा विषय आहे.

त्यानंतर वीरेश्वराच्या देवळात हे लोक शिरणार अशी आवई उठली, जेवत असलेल्या, परतीच्या वाटेला लागलेल्या माणसांना मारहाण झाली. तळं शेण, गोमूत्र, दूध, दही घातलेल्या पाण्याच्या घागरी ओतून 'शुद्ध' केलं गेलं. मग खटला, आणि मुंबई उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल १७ मार्च १९३७ ला. दहा वर्षांनी, पुन्हा मार्चमध्येच. हा मात्र निव्वळ योगायोग, कोर्टाला आगोट नसते.

अलीकडचं एकच उदाहरण देतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला. दोन एस.टी. गाड्या आणि एक मोटार अंधारात नदीत गेली, चाळीसच्या आसपास माणसं गेली. नवीन पूल १६५ दिवसांत बांधून ५ जून २०१७ रोजी खुला झाला. लोकांनी त्या वेगाचं कौतुक केलं. इथल्या माणसाला त्या तारखेचं जास्त वाटलं: ५ जून. मृगाच्या दोन दिवस आधी. इंजिनिअर लोकांनीही अखेर आजीचंच पंचांग पाळलं.

आता परवाची गोष्ट. वळीव झाल्यानंतर शनिवारी मी गावी गेलो होतो, पोलादपूरच्या वरच्या अंगाला. काकी शेतात राबापाशी उभी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: भाताचं बी जिथे पेरायचं, त्या तुकड्यावर शेण, झाडांची तोडलेली कवळं, पालापाचोळा, गवत असे थर देऊन वर मातीचा पातळ हात फिरवतात आणि ते सावकाश जाळतात. तणाचं बी मरतं, राख खताचं काम करते. यालाच राब भाजणं म्हणतात. थर रचायला आठवडे जातात, जाळायला लागते ती एक काडी आणि एक कोरडा, शांत दिवस. (राबामुळे झाडं बोडकी होतात, असं कृषी खात्याची माणसं सांगतात आणि ते खोटं नाही. पण पर्याय सांगायला डोंगर चढून किती जण येतात?)

"पेटतोय कुठं रे, नुसता धूर खातोय," काकी म्हणाली.

"दोन दिवस वाळू दे की."

"वाळंल, आन् परत भिजंल. पूर्वी रोहिणी लागली की कळायचं, आता पाऊस येणार. आता काय धरून चालायचं, तूच सांग. शिकलायस ना?"

मी काही सांगू शकलो नाही. कारण तिचा प्रश्न टपरीवरच्या तक्रारीसारखा नव्हता. चैत्रात हवा चंचल असते, हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. एखादा वळीव सगळ्यांनी धरलेलाच असतो. तिची अडचण दुसरी आहे. शिमग्यापासून आगोटीपर्यंतचे जे कोरडे अडीच-तीन महिने या दरीच्या वाट्याला येत, ज्यांच्या भरवशावर टाकी खोदली गेली, गड वेढले गेले, परिषदा भरल्या, त्यांची मागची कड सुटायला लागली आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागलं. शाकारणी झालेली आणि न झालेली, दोन्ही घरं सारखीच उघडी पडली. पुढच्याच वर्षी १७ मेच्या सुमारास तौक्ते किनाऱ्याजवळून गेलं, झाडावरचा आंबा खाली. २०२५ मध्ये तर नैऋत्य मोसमी पाऊसच २५ मेला राज्यात दाखल झाला आणि दुसऱ्या दिवशी मुंबईत. मुंबईची नेहमीची तारीख ११ जून. म्हणजे दोन आठवड्यांहून जास्त दिवस आगोटीतून कापले गेले, आणि त्याआधीचा मे महिनाही अवकाळीनं भिजलेलाच होता.

दोन आठवडे म्हणजे काय, हे शहरात कळत नाही. दोन आठवड्यांत एका घराची कौलं परतून होतात, लाकूड आत येतं, राब भाजून होतो. डोंगराच्या उतारावरच्या वाडीत आणखी एक काम असतं. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळियेत दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीतही माणसं गाडली गेली. त्याआधी २००५ मध्ये जुई, दासगाव, कोंडिवते, रोहन. आता उतारावरच्या वाड्यांना दर उन्हाळ्यात ठरवावं लागतं की पावसाळ्यात इथेच राहायचं की खाली कुणाच्या ओटीवर, शाळेत, शेडमध्ये जायचं. गुरं कुठे ठेवायची, धान्य कुठे हलवायचं, म्हाताऱ्यांना कुणी उतरवायचं. हा विचार माणसं मेअखेरीला करतात, चाकरमानी मुलगा सुट्टीत घरी असतो तेव्हा. पाऊस मेअखेरीलाच आला तर हा विचार करायला वेळ उरत नाही, आणि मुलगा परत मुंबईच्या गाडीत बसलेला असतो.

भाताचं मात्र लोकांनी काहीतरी जमवून घेतलंय. २०२५ मध्ये धूळवाफेवर पेरायची संधीच मिळाली नाही तेव्हा अनेकांनी जुनी रहूची पद्धत काढली. बी भिजवायचं, पोत्यात दाबून मोड आणायचे, आणि सरळ चिखलात फेकायचं. कष्ट जास्त, पाखरांची राखण जास्त, आणि जोराची सर आली तर मोडासकट बी वाहून जातं. काकीला विचारलं, यंदा राब नाही पेटला तर? तिनं धुराकडे पाहिलं आणि म्हणाली, बियाणं थोडं जास्तीचं ठेवलंय, दोनदा पेरायला लागलं तर असावं.